आखाजीला उतरलेला टायर

बैलगाड्या बारा लागतात. आमच्या गावात आता चार उरल्या आहेत आणि त्यांतल्या दोहोंना बैल नाहीत. बाकीच्या दरवर्षी आसपासच्या गावांतून आणाव्या लागतात. हे काम पूर्वी बैल करीत. आता ट्रॅक्टर करतो. ट्रॅक्टरच्या मागे बांधून गाड्या आणायच्या, देवळापुढे एकीला दुसरी साखळीने जोडायची, आणि मग संध्याकाळी भगताने त्या देवाच्या बळावर ओढायच्या. यात कोणालाही काही खटकत नाही. मी हे एकदा यात्रा समितीच्या बैठकीत बोलून दाखवले. तेव्हापासून मला बैठकीचे बोलावणे येत नाही. त्याची खंत नाही. त्या बैठकीतला चहा अतिशय गोड असतो.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशातला मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, आणि पुरुष राजरोसपणे पत्ते कुटतात. आमच्या गावात त्याच दिवशी बारा गाड्यांची यात्रा असते. ज्या घराण्याकडे गाड्या ओढण्याचा मान असतो त्या घरचा एक पुरुष भगत होतो. त्याला सकाळी हळद लावतात. तो दिवसभर उपाशी राहतो. संध्याकाळी कमरेला शेला बांधून तो पहिल्या गाडीचे जू धरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला सावरणारे दोघे असतात, त्यांना बगले म्हणतात. गाड्यांत माणसे दाटीवाटीने चढतात, जयघोष होतो, आणि गाड्या देवळापासून वेशीपर्यंत जातात. मागून शंभरएक माणसे त्या ढकलत असतात. ही शेवटची बाब सांगताना गाळण्याची पद्धत आहे.

आमच्या घराण्याकडे तो मान आहे. मी थोरला. परंतु मी तरुणपणीच धुळ्याला मोटारींच्या कार्यशाळेत लागलो, फोरमन होऊन निवृत्त झालो, आणि देवाने ढकललेली एकही गाडी त्या काळात माझ्याकडे दुरुस्तीला आली नाही. मान धाकट्या भावाकडे गेला. त्याने तो इमानाने सांभाळला. गेल्या थंडीत त्याच्या छातीत कळ आली. जळगावच्या डॉक्टरांनी जड कामे बंद करायला सांगितली. घरात बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी ठरले की या आखाजीला तो अखेरचे जू धरील. पुढल्या वर्षापासून शेला त्याच्या मुलाकडे.

त्याला ती शेवटची खेप किती हवी होती, हे तो बोलला नाही. आमच्या घरी तशी बोलण्याची रीत नाही. आखाजीच्या आधी मात्र तो रोज सांजेला देवळापासून वेशीपर्यंत एकटा चालत जाई आणि वाटेतले गोटे उचलून कडेला टाकी. ते मी ओट्यावरून पाहत होतो.

आमच्या गावाचा आणखी एक नियम आहे, जो शेजारच्या गावांत नाही. हळद लागल्यापासून गाड्या वेशीला टेकेपर्यंत भगताने लोखंडाला हात लावायचा नाही. लावला, तर त्या वर्षी तो भगत नाही. का, हे कोणालाच सांगता येत नाही. विचारले तर लोक विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहतात. आमचे वडील भगत असताना घरातली सगळी मंडळी देवळाकडे निघून गेली आणि दाराची कडी काढून द्यायला कोणी उरले नाही, म्हणून ते भर उन्हात स्वतःच्या घराबाहेर ताटकळत बसले होते. गावाने ही गोष्ट त्यांच्या निष्ठेचा दाखला म्हणून जपली आहे. मला तिच्यात फक्त एक उन्हात बसलेला माणूस दिसतो.

आखाजीच्या दिवशी दुपारी माझे जेवण नुकतेच झाले होते. दारात भावाचा आवाज आला.

"भाऊ, कडी काढ."

"उघडेच आहे. लोट."

"कडीले हात लागी. लोखंडनी शे ना."

मी उठून दार उघडले. तो पिवळाधमक उभा होता. कपाळापासून कोपरांपर्यंत हळद, उपासाने ओढलेला चेहरा, हात अंगापासून दूर धरलेले, जणू ते त्याचे नव्हतेच.

"ट्रॅक्टरना टायर उतरी गया. गाड्यासना पुढेच उभा शे."

"तुझ्या मुलाने काय केले?"

"त्याले नको इचारू. तू चाल."

मी गेलो.

पुतण्याने काय केले होते ते न विचारताही दिसत होते. त्याचे वय चाळिशीच्या आसपास आहे, दोन लेकरांचा बाप आहे, आणि ट्रॅक्टर चालवण्यात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही असे तो स्वतःच सांगतो. आदल्या दिवशी त्याने नांगरटीत पकड यावी म्हणून मागच्या टायरांतली हवा कमी केली होती. ते बरोबर होते. रस्त्यावर ओझे ओढण्यापूर्वी ती पुन्हा भरायला हवी होती. ती त्याने भरली नाही. सगळ्या गाड्या एकमेकींना जोडून झाल्यावर रांग सरळ दिसावी म्हणून त्याने ती साखळी देवळाच्या कोपऱ्यावरून एकाच झटक्यात वळवली. बारा गाड्यांचा ताण आडवा आला आणि मऊ पडलेला टायर रिमवरून बाहेरच्या अंगाला घसरला. ट्रॅक्टर एका कुशीवर कलला. रिमची धार मातीत रुतली.

जागाही नेमकी निवडली होती. एका हाताला देवळाची भिंत, दुसऱ्या हाताला पाण्याच्या टाकीचा कट्टा, मागे बारा गाड्या. पुढे वेशीपर्यंत दोन्ही बाजूंनी खेळण्यांची, भज्यांची, बांगड्यांची दुकाने लागलेली. दुसरा ट्रॅक्टर पुढून आणून वळवायला त्या गर्दीत जागा नव्हती. असती तरी रुतलेल्या रिमवर ओढल्याने टायर आणि ट्यूब दोन्ही फाटली असती, आणि पुतण्याने तरीही ओढले असते. धरणगावच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला सणानिमित्त दुकान बंद करून पत्ते खेळायला बसला होता. त्याने फोनवर सांगितले की डाव संपला की येतो. आखाजीचा डाव कधी संपतो हे खानदेशात सर्वांना माहीत आहे.

थोडक्यात, टायर तिथेच, तेव्हाच रिमवर बसवणे आवश्यक होते. नाहीतर गाड्या निघणार नव्हत्या, आणि माझ्या भावाला पुढचे वर्ष नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टरभोवती निम्मे गाव उभे होते. काम करणारा एकही नव्हता, सांगणारे सगळे होते.

"सरका रे, धुळाना साहेब उनात!"

"आबा, पाना लई उनात का नुसता चष्मा?"

हसण्याची लाट आली. मी चष्मा पुसला. गर्दीला उत्तर दिल्याने गर्दी वाढते.

पुतण्या पेट्रोलची बाटली हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या हातात मोबाइल. त्याच्यावर कोणा परदेशी माणसाचे चलच्चित्र चालले होते. तो माणूस उतरलेल्या टायरमध्ये काहीतरी फवारतो, दुरून पेटवतो, भडका उडतो आणि टायर उडी मारून जागेवर बसतो.

"आबा, तुम्ही सावलीमा बसा," पुतण्या म्हणाला. "पाच मिनिटनं काम शे. पेट्रोल मारानं, काडी लावानी, धडाम. टायर जागावर."

"त्या चित्रातला टायर ट्यूबचा आहे की बिनट्यूबचा?"

त्याने पडद्याकडे पाहिले. गर्दीतून कोणी बोलले, "बिगरट्यूबना दिसस, भो."

"आणि हा?"

"ट्यूबना," तो म्हणाला.

"मग भडका कशाला ढकलणार आहे? आत रबराची ट्यूब आहे. ती जळेल. नंतर तू जळशील. नंतर देवळाचा मांडव. मग गाड्या ओढायची गरजच उरणार नाही."

पेट्रोलची बाटली कोणीतरी त्याच्या हातातून काढून घेतली. त्याने मोबाइल मात्र खिशात ठेवला नाही; बराच वेळ तो त्यात दुसरे चलच्चित्र शोधत होता. घरी वडील, दारात काका, दोघांनी आयुष्य गाड्यांत घालवलेले. आणि हा माणूस उत्तर शोधतो ते सातासमुद्रापलीकडे. आम्हा दोघांना विचारले तर उत्तर मिळते, ही अडचण असावी.

गावातल्या मोटारसायकलींच्या गॅरेजवाल्याने आपला कॉम्प्रेसर हातगाडीवरून आणला. वीज फक्त देवळात होती. कॉम्प्रेसर चालवायचा तर भोंगा बंद करावा लागणार होता, कारण दोन्हींचा भार त्या तारेला सोसवत नव्हता. यात्रा समितीच्या अध्यक्षांना हे पटेना. पांढरेशुभ्र कपडे आणि गळ्यात भगवे उपरणे घातलेले हे गृहस्थ सकाळपासून भोंग्यावर देणगीदारांची नावे वाचत होते.

"अजून अर्धा गावना नावं बाकी शेत," ते म्हणाले.

"हवा भरेपर्यंत थांबा," मी म्हणालो. "नावे पळून जात नाहीत."

भोंगा बंद झाला. देवळापुढे त्या दिवशी पहिल्यांदा माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू आले.

काम अवघड नव्हते. ट्रॅक्टर जॅकवर उचलायचा, ट्यूबमधली उरलीसुरली हवा काढायची, टायरच्या कडेला आणि रिमला साबणाचे पाणी चोपडायचे, ट्यूब कुठे दुमडली नाही हे हाताने चाचपायचे, मग लोखंडी पट्ट्यांनी टायरची कडा थोडी थोडी करून रिमच्या आत ढकलत न्यायची. शेवटी हवा भरायची. कडा आपोआप जागेवर जाऊन बसते. घाई न करणाऱ्याला हे जमते. त्यामुळेच आमच्या गावात ते कोणाला जमत नाही.

माझी मनगटे आता पट्टी दाबू शकत नाहीत. भाऊ हे काम झोपेतही करील, पण त्याच्या अंगाला हळद होती. तो दहा पावलांवर, लिंबाच्या बुंध्याला टेकून, हात तसेच अधांतरी धरून उभा राहिला आणि तोंडाने सांगत राहिला. शेजारी दोन्ही बगले त्याची राखण करीत होते, कारण त्याचा हात चुकून कुठल्या लोखंडाला लागू नये ही जबाबदारी त्यांची. अशी राखण मी आजवर फक्त बँकेच्या तिजोरीची पाहिली आहे. तिथे निदान तिजोरी बोलत नसे.

"जॅकना खाले लाकूड ठेव," भावाने सांगितले.

"दगड शे ना सपाट," पुतण्या म्हणाला.

"दगड सरकस. लाकूड ठेव."

"नाना, तुम्ही देवनं नाव ल्या. मी करस."

त्याने दगडच ठेवला. मीही सांगितले, माझेही ऐकले नाही. एकाच घरातल्या दोन म्हाताऱ्यांनी एकच गोष्ट सांगितली की ती खोटी असावी, असा हल्ली समज आहे.

दुसरी गोष्ट चाकाची. ट्यूबची हवा भरायची नळी रिमच्या भोकातून बाहेर काढावी लागते. ती हाताशी यावी म्हणून चाक फिरवून भोक वरच्या बाजूला घ्यायचे असते. त्यासाठी गिअर काढावा लागतो, गिअर काढण्यासाठी ट्रॅक्टरवर चढावे लागते. पुतण्याला ते कष्ट नको होते. भोक तळाशी होते, ते तसेच ठेवून तो मातीत आडवा झाला आणि टायर व रिम यांच्या मधल्या फटीत हात घालून नळी चाचपडू लागला.

"हात काढ," मी म्हणालो.

"गावसली, आबा. एक मिनिट."

दगड सरकला.

ट्रॅक्टर पडला नाही. जॅक फक्त कलला आणि चाक चार बोटे खाली आले. तेवढे पुरेसे होते. जमिनीने टायर वर दाबला, रिम खाली आली, आणि त्या दोहोंच्या मध्ये पुतण्याची बोटे सापडली. त्याने ओरडण्यापूर्वी एक क्षण गेला. तो क्षण मला अजून ऐकू येतो.

मी जॅककडे धावलो. कोणीतरी जॅक धरणे भाग होते. तो आणखी कलला असता तर बोटांवर भागले नसते. मी माझे सगळे वजन त्याच्यावर टाकले आणि लाकूड आणा, असे ओरडलो. गर्दी मागे सरली. गर्दी नेहमी मागे सरते. मघापासून शंभर सल्ले देणाऱ्या माणसांना त्या वेळी एकही सुचला नाही.

एवढ्यात हत्यारांत पडलेली पुतण्याची पहार माझ्या कानाशी खणकली.

भाऊ खाली बसला होता. दोन्ही बगले लिंबापाशी तोंड उघडे ठेवून उभे होते. त्याने पहारेचे टोक टायरच्या कडेत घातले, खांदा लावला आणि दाबले. कडा रिमपासून सुटी झाली. बोटभर, जास्त नाही. "काढ," तो म्हणाला. पुतण्याने हात काढला. बोटे निळी पडली होती, सालटे निघाले होते, पण पाचही होती आणि वाकत होती.

लाकूड आले. जॅक सरळ झाला. मी उठलो आणि गुडघे झाडले. तोपर्यंत देवळापुढच्या सगळ्यांची नजर भावाच्या हातांवर खिळली होती. पहार अजून त्याच्या मुठीत होती, आणि तिच्यावर हळद लागली होती.

पुतण्याच्या बोटांची चौकशी आधी माझ्या वहिनीने केली, म्हणजे भावाच्या बायकोने. तिला मी कायम वहिनीच म्हणत आलो. बाकीच्यांना वेगळी काळजी पडली होती.

अध्यक्ष पुढे झाले. त्यांनी पहार वाकून पाहिली, मग सरळ उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेले तेज आले.

"दखा बठ्ठा जण! पहारले सायकलनी ट्यूब गुंडायेल शे. नानाना हात रबरले लागेल शे. लोखंडले नही!"

खरेच, हात घसरू नये म्हणून पुतण्याने त्या पहारेच्या मधल्या भागावर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. गर्दीत आनंद पसरला. दोघाचौघांनी पहार हाताळून खात्री केली. एक शिक्षक म्हणाले की रबर हे विजेलाही अडवते, तर मग दोषाला का नाही अडवणार. मी त्यांच्याकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहू लागले. देवाला कायद्याची पळवाट दाखवण्यात आमचे गाव कोणत्याही वकिलाला हार जाणार नाही. नियम कुठून आला हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना तो कुठे संपतो हे मात्र नेमके समजले होते.

भावाने पहार जमिनीवर ठेवली.

"पहार लोखंडनी शे," तो म्हणाला.

"नाना, पन रबर..."

"मी पहार धरी. रबर नही धरं. माले माहीत शे, देवले माहीत शे."

"लोके दूरदूरतून येल शेत. त्यासले काय सांगू?"

"सांगा, यंदा भगत नही."

त्याने कमरेचा शेला सोडला, घडी घातली आणि वहिनीच्या हातात दिला. मी त्याच्याजवळ गेलो. माझा त्या नियमावर विश्वास नव्हता आणि नाही. त्याला मी आवाज खाली आणून सांगितले, "वेडा आहेस. शेवटचे वर्ष आहे. बांध तो शेला."

"व्हय," तो म्हणाला. वेडेपणाला की शेवटच्या वर्षाला, ते त्याने सांगितले नाही. शेला त्याने परत घेतला नाही.

पुतण्याला जू देण्याचा विचार निघाला आणि लगेच मावळला. त्याला हळद लागली नव्हती, उपास नव्हता; सकाळीच खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून त्याने खाल्ल्या होत्या. शिवाय हात. तो टाकीच्या कट्ट्यावर बोटे बादलीत बुडवून बसला होता आणि वडिलांकडे पाहत नव्हता. मोबाइल खिशात गेला होता.

टायर गॅरेजवाल्याने आणि मी मिळून चढवला. पट्ट्या त्याने दाबल्या, तोंड मी चालवले. या खेपेला भोक वर घेतले होते. हवा भरताच कडा दोन ठोके देऊन जागेवर बसली. पुतण्याने एका हाताने ट्रॅक्टर चालू करून बाजूच्या बोळात नेला. वाट मोकळी झाली. वाटेवरून जाणारा तेवढा उरला नाही.

"दिन बुडाना पहिले गाड्या निंघाले जोयजेत," अध्यक्ष म्हणाले. भोंगा पुन्हा चालू झाला. ठरले ते असे, की यंदा भगताशिवाय, सगळ्या गावाने मिळून गाड्या न्यायच्या. मला वाटले, आता खरा प्रकार उघडा पडेल. इतकी वर्षे मी म्हणत होतो की गाड्या मागचे लोक ढकलतात आणि पुढचा माणूस शोभेला असतो. आज शोभा काढून टाकली होती. मी टाकीच्या कट्ट्यावर जागा धरली. भाऊ लिंबाखालीच बसला.

माणसे गाड्यांत चढली. जयघोष झाला. शंभर खांदे लागले. गाड्या निघाल्या आणि दहाव्या पावलावर पहिल्या गाडीचे जू आकाशाकडे गेले. मागे माणसांची दाटी, पुढे ते दाबून धरणारा कोणी नाही; दोन चाकांची गाडी मागे उलटायला पाहते, यात नवल नाही. दोन्ही बगल्यांनी उडी मारून जू खाली ओढले, पण एक डावीकडे ओढू लागला आणि दुसरा उजवीकडे, कारण आजवर त्यांनी माणूस सावरला होता, गाडी नव्हे. गाडी उसाच्या रसाच्या दुकानात शिरली. रसवाल्याने चरक सोडून पळ काढला. मागच्या अकरा गाड्या एकमेकींवर चढत थांबल्या. सुदैवाने कोणाला लागले नाही. दुसऱ्यांदा जोर लावला. गाड्या बांगड्यांच्या दुकानाकडे वळल्या आणि तिथल्या बायकांनी जे बोल लावले ते इथे लिहिता येत नाहीत. तिसऱ्यांदा कोणी खांदा लावला नाही.

पुढचा माणूस जू दाबून आणि सरळ धरून ठेवतो. साधी यंत्राची गोष्ट आहे. मी ती पूर्वी तपासून पाहिली नव्हती. यात देव कुठे येतो ते मला अजूनही दिसत नाही. पण तिथे माणूस लागतो, हे दिसले.

गाड्या निम्म्या वाटेवर, वेड्यावाकड्या, तशाच उभ्या राहिल्या. उन्हे उतरली. दुकानदार वैतागले, कारण वाट बंद होती. शेवटी अध्यक्षांनी तेच सुचवले जे गाड्या गोळा करताना सगळ्यांना चालते: ट्रॅक्टर आणा आणि गाड्या वेशीपर्यंत ओढून न्या. त्यावर कोणी हसले नाही. मला हसावेसे वाटले होते. लिंबाखाली नजर गेली आणि मी ते टाळले.

पुतण्या तत्परतेने ट्रॅक्टरकडे निघाला. भाऊ उठला.

"थांब. हवा सोड."

"कशाले? बठ्ठी भरेल शे, नाना."

"आत ट्यूबले घडी पडेल व्हई. एकदाव सोडानी, दुसऱ्यांदाव भरानी."

पुतण्याने या खेपेला दगड निवडला नाही. तो चाकापासून बाजूला सरला.

भावाचे म्हणणे बरोबर होते. मीही तेच सांगणार होतो. पहिल्या भरण्यात ट्यूब आत कुठेतरी चिमटलेली राहते. ती ओझ्याखाली फुटते. सगळी हवा सोडून पुन्हा भरली की ती मोकळी होऊन नीट पसरते. घाईत हे सगळे जण टाळतात. अध्यक्ष म्हणाले की अंधार पडतो आहे. भावाने त्यांच्याकडे पाहिले नाही. भोंगा पुन्हा बंद झाला.

तो चाकाशी उकिडवा बसला. पाना मागितला नाही. त्याने स्वतः उचलला. आता त्याला कोणत्याच लोखंडाची बंदी नव्हती. बगले कुठे गेले ते मला दिसले नाही. त्याने नळीतली सुई काढली, हवा फुसफुसत बाहेर आली, आणि ती संपेपर्यंत तो तळहात टायरवर टेकून बसला. मी कॉम्प्रेसरची नळी धरून उभा राहिलो. त्याने सुई बसवली, मी नळी दिली, त्याने भरली. मधूनमधून तो टायरवर पहारेने ठोके देऊन कान लावी. आवाज त्याला पटला तेव्हा त्याने नळी काढली.

"आते ने," तो मुलाला म्हणाला.

ट्रॅक्टरने गाड्या ओढल्या. भाऊ ट्रॅक्टरपुढून चालत गेला. जू धरायला नव्हे, पुतण्याला वळणे दाखवायला. एका हाताने डावीकडे, एका हाताने उजवीकडे. गाड्या सरळ गेल्या. वेशीला टेकल्यावर लोकांनी जयघोष करावा की नाही यावर थोडा घोळ झाला आणि काहींनी केला.

तो परत आला तेव्हा मी त्याच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. घरची मंडळी अजून देवळाकडे होती. दार बंद होते. मी कडी काढायला उठलो.

"बस," तो म्हणाला. त्याने कडी स्वतः काढली, आत गेला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. तांब्यावर हळदीची बोटे होती. मी पाणी प्यायलो.